काकासाहेबांचं कीटण

"तोंड उघडा, काकासाहेब."

त्या संस्थेत हे तीन शब्द उच्चारायची कुणाची छाती नव्हती. उलट काकासाहेबांसमोर आपलं तोंड बंद ठेवता येणं, ही तिथे नोकरी मिळायची पहिली पात्रता होती. त्यामुळे त्या दुपारी मी ते शब्द उच्चारले तेव्हा माझ्यामागे उभी असलेली सगळी मंडळी एकदम गप्प झाली. फोटोग्राफरने डोळ्याला लावलेला कॅमेरासुद्धा खाली घेतला.

काकासाहेबांनी तोंड उघडलं.

या गोष्टीला आता अठरा वर्षं झाली. मी तेव्हा रेवती होनराव, दंतवैद्यकाच्या शेवटच्या टप्प्यावरची, इंटर्नशिप करणारी मुलगी होते. वडील एस.टी.त कंडक्टर. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी डॉक्टर झालेलं नव्हतं, आणि आईने गल्लीत माझ्या नावाआधी 'डॉक्टर' लावायला दोन वर्षं आधीच सुरुवात केली होती. कॉलेज तालुक्याच्या गावाबाहेर, साखर कारखान्याच्या रस्त्यावर. काकासाहेब वरपे त्याचे संस्थापक, अध्यक्ष आणि दर्शनी भिंतीवरचा बारा फुटी फोटो. गावात दात दुखला की लोक अजून लवंग धरत होते, पण काकासाहेबांना कुणीतरी सांगितलं की शेजारच्या तालुक्यात इंजिनिअरिंग निघालंय, तेव्हा यांनी डेंटल काढलं. कॉलेजला दहा वर्षं झाली तरी त्यांनी स्वतः मात्र दातांच्या खुर्चीवर कधी बूड टेकवलं नव्हतं. भीती वाटायची. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाच माहीत नव्हतं.

दशकपूर्तीच्या दिवशी त्यांना खुर्चीवर बसवायची कल्पना आमच्या विभागप्रमुखांची. डॉ. प्रभंजन खरवंडीकर. हिरड्यांचे तज्ज्ञ. सर हिरड्यांवर असं काही बोलत की ऐकणाऱ्याला वाटावं, हिरड्या ही जगातली सर्वांत उदात्त वस्तू आहे. फक्त गेली बारा वर्षं त्यांनी कुणाच्या हिरडीला हात लावलेला नव्हता.

"बातमीचं शीर्षकसुद्धा सुचलंय मला," ते सकाळी मला म्हणाले होते. "'अध्यक्षांनी स्वतः घातला आदर्श.' तू फक्त आरसा धरायचास, हत्यार धरायचंस आणि कॅमेऱ्याकडे बघायचं नाही. तीन मिनिटांचं काम आहे."

"मी का, सर?"

"तुझा ॲप्रन पांढरा असतो."

तर मी आरसा आत घातला आणि पाहिलं.

खालच्या पुढच्या चार दातांमागे कीटणाची एक सलग भिंत होती. दात कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते ते कळत नव्हतं. वरून पिवळी, मध्ये तपकिरी, हिरडीशी काळी. तीस वर्षांची तंबाखू, चहा आणि भाषणं तिच्यात थरावर थर साचली होती. मी मोजपट्टीसारख्या खुणा असलेली बारीक सळई हिरडीच्या कडेने आत घातली, तर ती जाऊ द्यावी तितकी जातच राहिली. भळकन रक्त आलं. हाड अर्ध्याहून खाली गेलेलं. ते चार दात हाडात रोवलेले नव्हतेच, भिंतीला टेकून उभे होते.

मी केसपेपरवर भराभर लिहिलं आणि कागद सरांपुढे धरला. "सर, हे जरा वाचा."

सरांनी सही केली. वाचण्याची त्यांना सवय नव्हती.

"सर, कीटण काढलं तर दात हलतील," मी त्यांच्या कानाशी म्हणाले.

"काढायचं कुणाला आहे? फोटोपुरतं आहे."

"काय हो खरवंडीकर," खुर्चीतून आवाज आला, "काय कुजबूज चाललीय? कसे काय आहेत दात?"

"निरोगी!" सर एक पाऊल पुढे झाले. "काकासाहेब, या वयात अशा हिरड्या! खरं तर विद्यार्थ्यांना दाखवायला पाहिजेत."

"मग जिभेला मागून हे खरखरीत काय लागतंय?"

"तो… किंचितसा थर."

"मग काढा की. संध्याकाळी पालकमंत्री यायचेत. दात चकचकीत दिसू द्या."

सरांच्या चेहऱ्यावरचा आदर्श उतरला. "काय आहे काकासाहेब, भारनियमन आहे. यंत्राला वीज नाही आणि जनरेटर मंडपाच्या माइकला दिलाय."

"का? हातानं येत नाही?"

हातानं येतं. कीटण हातानं काढायच्या हत्याराला स्केलर म्हणतात. पेनासारखी मूठ आणि टोकाला कोयत्यासारखं वळलेलं बारीक पातं. दुसरं क्युरेट. त्याचं टोक चमच्यासारखं गोल, ते हिरडीच्या आत उतरतं. दोन्हींची धार जिवंत असेल तर कीटण टवका उडावा तसं सुटून येतं. धार गेलेली असेल तर ते निघत नाही, त्याला नुसतं पॉलिश होतं. आमच्या विभागात वर्षानुवर्षं पॉलिशच चालू होतं. नवेकोरे सेट काचेच्या कपाटात होते, पण ते तपासणीला येणाऱ्या समितीला दाखवण्यासाठी. किल्ली सरांकडे. मी कंटाळून एका पास होऊन गेलेल्या मुलीकडून तिचा जुना सेट घेतला होता आणि दर रविवारी खोलीवर दगडावर तेलाचा थेंब टाकून त्याला धार लावत बसायचे. प्लास्टिकच्या कांडीवर पातं टेकवायचं. रुतलं तर धार आहे, घसरलं तर परत घासायचं. खोलीतल्या मैत्रिणी मला 'धारवाली' म्हणायच्या.

सर्वांच्या देखत मागे हटणं सरांना शक्य नव्हतं. त्यांनी ट्रेमधला स्केलर उचलला. आमटीचा डाव धरावा तसा धरला. त्याची दोन टोकं पाहिली, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मग तो अलगद माझ्या हातात देऊन फोटोग्राफरकडे वळून म्हणाले, "आमच्याकडे विद्यार्थ्यांना संधी देण्याची परंपरा आहे."

मी सुरुवात केली.

पातं भिंतीच्या कडेखाली घातलं, बोट शेजारच्या दातावर टेकवलं, मनगट वळवलं. कट्. हरभऱ्याच्या डाळीएवढा तुकडा ट्रेमध्ये पडला. काकासाहेबांनी मान उचलून तो पाहिला. शेतातला पहिला ऊस पाहावा तसे ते त्याच्याकडे पाहत राहिले.

"हे माझ्यातनं निघालं?"

"हो."

"फोटो घे रे याचा."

पुन्हा कट्. दोन दातांमधल्या फटीतलं कीटण सुटलं आणि ज्या दातावर माझं बोट होतं तो दात माझ्या बोटाखाली सरकला. थोडासाच. गाढ झोपलेला माणूस कूस बदलायच्या आधी हलतो तेवढा.

मी थांबले. सरांकडे पाहिलं. ते कॅमेऱ्याला आपली उजवी बाजू देत होते. काकासाहेबांकडे पाहिलं. ते डोळे मिटून, निर्धास्तपणे तोंड वासून पडले होते. मी तीन श्वास घेतले. मग उरलेली सगळी भिंत काढली. स्वच्छ काढली. हिरडीच्या आतून क्युरेटने शेवटचा कण काढला, पाण्याने धुतलं आणि म्हणाले, "चूळ भरा."

त्यांनी आरशात पाहिलं. चार दात पांढरे, सुटे, मध्ये फटी असलेले. "वा!" ते म्हणाले. "मोकळं मोकळं वाटतंय."

संध्याकाळी सहा वाजता मंडप भरला. पालकमंत्री आले, हार झाले, आणि काकासाहेब भाषणाला उभे राहिले. त्यांच्या भाषणाची जिल्ह्यात ख्याती होती. ते कधीच कागद घेत नसत आणि कधीच वेळेत थांबत नसत.

"स्स्सीऽऽ… सन्माननीय…"

लाऊडस्पीकरमधून शिट्टी निघाली. मंत्र्यांनी वर कर्ण्याकडे पाहिलं. माइकवाला धावत आला, त्याने वायर हलवली, बोट दाखवून 'बोला' अशी खूण केली.

"या स्स्सीऽसंस्थेच्या स्स्सीऽसर्व स्स्सीऽसभासदांनी…"

मागच्या रांगेतून कुणीतरी तशीच शिट्टी परत मारली. काकासाहेब थांबले. काय होतंय ते कळायला त्यांना क्षणभर लागलं. मग हजार माणसांसमोर त्यांनी उजव्या हाताचं बोट तोंडात घातलं, खालचा एक दात पुढेमागे करून पाहिला, दुसरा करून पाहिला, आणि माइक तोंडासमोरच आहे हे विसरून म्हणाले,

"खरवंडीकर, माझे दात हलतायत!"

ते पार साखर कारखान्यापर्यंत ऐकू गेलं. मंडपात निम्मी मुलं दंतवैद्यकाची होती. त्यांनी हसू दाबायचा प्रयत्न केला हे मी शपथेवर सांगू शकते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूचनाफलकावर माझं नाव लागलं. 'अनधिकृत खासगी हत्यारांचा अघोरी वापर करून मा. अध्यक्षांच्या दंतपंक्तीस इजा पोचविल्याबद्दल' माझी इंटर्नशिप थांबवण्यात आली होती. खाली सरांची सही. तीही न वाचताच केलेली असावी, कारण 'अघोरी'तला 'घो' चुकला होता. मी घरी फोन केला नाही. आईला काय सांगणार होते?

तिसऱ्या दिवशी अध्यक्षांच्या दालनात चौकशी झाली. मोठ्या टेबलामागे काकासाहेब, ओठांवर रुमाल धरून. बाजूला सर, मांडीवर फाईल. मला बसायला सांगितलं नाही.

"साहेब, ही मुलगी खोलीवर दगडावर हत्यारांना धार लावते," सर म्हणाले. "खाटकासारखी. अशी धारदार हत्यारं हिने आपल्या तोंडात…"

"म्हणजे तुम्ही बोथट वापरता?" रुमालाआडून काकासाहेब म्हणाले.

"नाही, म्हणजे… आमची मध्यम असतात."

"मध्यम."

"सुरक्षित, साहेब."

मी पुढे होऊन केसपेपरची झेरॉक्स टेबलावर ठेवली. मूळ कागद फाईलमधून आदल्या दिवशीच गायब झाला होता, पण त्या दुपारी फोटोचा कार्यक्रम आटोपल्याबरोबर मी खाली दुकानात जाऊन प्रत काढली होती. काकासाहेबांनी चष्मा लावला आणि बोटाने ओळ धरून मोठ्याने वाचलं. "'खालचे पुढचे चार दात. हाड बरेच झिजलेले. दात कीटणाच्या आधाराने उभे. कीटण काढण्यापूर्वी रुग्णास स्पष्ट कल्पना द्यावी.' आणि ही खाली कुणाची सही?"

सर आपली सही अशा काही नजरेने बघू लागले, की जणू एखादा दूरचा नातेवाईक अवेळी दारात येऊन उभा राहिलाय.

"घाईत झाली असेल, साहेब."

"तुम्ही तर म्हणालात, निरोगी आहेत."

"आपल्या वयाच्या मानाने, साहेब. शेवटी हे… वयामुळं होतंच."

'वयामुळं' हा शब्द ऐकला आणि माझ्या तोंडून हसू फुटलं. खरंच फुटलं, मला आवरलं नाही. काकासाहेबांनी रुमाल खाली घेतला.

"खरवंडीकर, तुम्ही जरा बाहेर बसा."

दार लागल्यावर ते माझ्याकडे वळले. रुमाल नसताना, अध्यक्ष नसलेला एक म्हातारा माणूस दिसत होता. खालचा ओठ तो जपून हलवत होता.

"पोरी, तुला आधीपासून माहीत होतं."

"हो."

"हे कागदावर लिहिलंस. त्या गाढवाच्या कानात सांगितलंस. मला का नाही सांगितलंस? तोंड माझं होतं."

याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. सरांनी बोलू दिलं नाही, फोटोग्राफर होता, तुम्ही अध्यक्ष, मी कोण. तीन दिवस मी तेच पाठ करत होते. पण त्यांनी 'तोंड माझं होतं' म्हटलं आणि ते सगळं सुटलं.

"मी मध्येच थांबले होते," मी म्हणाले. "दात हलला तेव्हा. तेव्हा तुम्हाला सांगता आलं असतं. मुद्दाम नाही सांगितलं."

"मुद्दाम?"

"तुमच्या आधी पंधरा दिवस एक बाई आली होती. भागूबाई. मंगळवारच्या बाजारात आपल्या गेटसमोर लसूण विकते. तिचं अगदी असंच होतं, चार दात आणि मागे भिंत. मी सरांना विचारलं, तिला आधी समजावून सांगू का? सर म्हणाले, महिनाअखेर आहे, पेशंटचा आकडा कमी पडतोय, उरक. मी उरकलं. दोन दिवसांनी ती परत आली. दात हलतायत म्हणून रडत होती. सर म्हणाले, तिला सांग वयामुळं होतं." मी थांबले. "मी सांगितलं. तिचा हात धरून, गोड आवाजात सांगितलं. तिला पटलं. मला 'देव तुझं भलं करो' म्हणाली."

काकासाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तिच्यासाठी कुणी चौकशी लावली नाही. मला बघायचं होतं, तुमचे दात हलल्यावर सर तुम्हालापण तेच सांगतात का."

"आणि सांगितलं."

"हो. आताच."

ते हसू लागले. हसताना खालचा ओठ हाताने दाबून धरावा लागत होता, तरी हसत राहिले. मग एकदम गंभीर झाले. "किती वय असेल तिचं?"

"केसपेपरवर चौपन्न होतं. तुमच्याहून आठ वर्षांनी लहान."

"माझे हे वाचतील का?"

"मागून बारीक तार लावून एकमेकांना बांधता येतील. हिरडीची आतून नीट सफाई करावी लागेल, चार-पाच वेळा. दोन पक्के वाचतील. उरलेल्या दोनांचं सांगता येत नाही."

"कोण करणार?"

"मी. माझ्या हत्यारांनी."

"रविवारी ये. मागच्या दारानं. दंत महाविद्यालयाच्या अध्यक्षाचे दात तारेनं बांधलेत, हे बाहेर गेलं तर प्रवेश बंद होतील."

"भागूबाईचं आधी करणार," मी म्हणाले. "तिला गाडी पाठवा."

"माझ्या आधी?"

"ती तुमच्या आधी आली होती."

अख्ख्या जिल्ह्यात त्यांच्या आधी कुणाचा नंबर लागलेला त्यांना आठवत नसावा. त्यांनी टेबलावरचा माझा कागद उचलला, खिशात घातला आणि बेल दाबली.

रविवारी सकाळी विभागात मी आणि काकासाहेब, दोघंच होतो. काचेचं कपाट उघडं होतं. किल्ली कुणाकडून आली ते मी विचारलं नाही. नऊ वाजता अध्यक्षांची पांढरी गाडी दाराशी येऊन थांबली आणि मागच्या सीटवरून भागूबाई उतरली. डोक्यावरून पदर, पायात कुणाच्या तरी मोठ्या मापाच्या चपला. ड्रायव्हरने आपल्यासाठी दार उघडलं याचंच तिला नवल वाटत होतं. मला पाहून ती ओळखीचं हसली.

खालचे पुढचे चारही दात नव्हते.

"अगं बाई," मी म्हणाले, "दात कुठे गेले?"

"काढले की. हलत हुते, भाकर चावताना कळ जायाची डोस्क्यात. एस.टी. स्टँडापाशी एक मानूस बसतो, त्यानं उपटून दिले."

"पण का काढले? दोन दिवस थांबायचं, इथे यायचं…"

"येऊन काय?" ती अगदी सहज म्हणाली. "तूच म्हनलीस ना वयामुळं हाय. वयाला का अवशीद असतंय? म्हनलं मग ठिवून तरी काय करायचं." तिने खुर्चीकडे पाहिलं, ट्रेमधल्या नव्याकोऱ्या चकाकत्या स्केलरांकडे पाहिलं. "आता काय साफ करतीस?"

काकासाहेब खिडकीशी जाऊन बाहेर बघत उभे राहिले. मग भागूबाईच त्यांना म्हणाली, "तुम्ही बसा सायेब. माजं काय न्हाई आता."

काकासाहेब बसले. त्या दिवशी आणि पुढचे चार रविवार मी त्यांच्या हिरड्या आतून साफ केल्या आणि चार दात बारीक तारेने बांधले. चारही वाचले. काम फार छान झालं होतं. इतकं छान काम त्यानंतर कितीतरी वर्षं माझ्या हातून झालं नाही.

माझी इंटर्नशिप पुन्हा सुरू झाली. सूचनाफलकावरचा कागद काढला गेला, पण त्या जागी दुसरा कागद काही लागला नाही. खरवंडीकर सरांना काय झालं, असं मला पुढे पुष्कळांनी विचारलंय. सर उपप्राचार्य झाले. काकासाहेबांचं म्हणणं असं की त्यांना काहीही सांगितलं तरी ते सही करतात, असा माणूस शोधून सापडत नाही.

दीड महिन्याने, भागूबाईच्या हिरड्या भरल्यावर, काकासाहेबांनी तिच्यासाठी चार दातांची कवळी करायला सांगितली. मोफत. फोटोग्राफर पुन्हा आला. या वेळी सगळं सुरळीत झालं. पेपरात तीन रकान्यांचा फोटो आला. काकासाहेब भागूबाईला कवळी देताना, शेजारी हसतमुख उपप्राचार्य. कडेला एक पांढरी बाही दिसते. ती माझी. बातमीत काकासाहेबांचं वाक्य होतं, 'गोरगरिबांचं हसू हीच माझी मिळकत.' त्यातल्या 'स'ला शिट्टी वाजली नसणार. तार पक्की होती.

पुढच्या मंगळवारी मी बाजारात गेले. भागूबाई गेटसमोर पोतं अंथरून लसूण घेऊन बसली होती. तोंड बोळकंच. कवळी पदराच्या गाठीला बांधलेली.

"घालत का नाहीस?"

तिने गाठ सोडून कवळी माझ्या तळहातावर ठेवली. "ह्याच्यानं फोटू निगतो बाई, भाकर चावत न्हाई. घातली की हितं काचतंय, रगात येतंय."

मी तिच्याशेजारी पोत्यावर बसले. पिशवीतून पेन्सिल आणि छोटी कानस काढली. कवळी तिच्या तोंडात घालायची, कुठे काचतं ते विचारायचं, खूण करायची, काढून घासायचं, पुन्हा घालायची. मध्येच गिऱ्हाईक यायचं, ती तोंडातली कवळी तशीच सांभाळत पारडं धरायची. तास-दीड तास गेला. माझ्या ड्रेसवर गुलाबी भुगा आणि लसणाची सालं. मान खाली घालून बोलणं सोपं जातं, म्हणून मी घासता घासताच म्हणाले,

"भागूबाई, ते वयामुळं नव्हतं. मला तेव्हाच माहीत होतं. मी खोटं बोलले."

ती लसणाच्या गड्ड्या लावत होती. "म्हंजी ऱ्हाले असते?"

"तारेनं बांधले असते तर राहिले असते. निदान दोन तरी."

तिने हात पुढे केला. मी कवळी दिली. तिने ती बसवली, फडक्यातून भाकरीचा तुकडा काढला आणि पुढच्या दातांनी सावकाश तोडला. चावला. गिळला. जिभेने आतून कवळी चाचपून पाहिली. आता काचत नव्हती.

"दात हलले त्ये जाऊ दे," ती म्हणाली. "काम शिकताना हुतं. पर माजा हात धरून वयामुळं म्हनलीस ना, त्ये मी न्हाई इसरनार."

मग ती समोर येऊन उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकाकडे वळली आणि नवे दात दाखवत, लसूण गावरान आहे, वास तरी घेऊन बघा, असं सांगू लागली.